टी-झीरो मॅडम

टिपणीस मॅडमसमोर 'उशीर' हा शब्द जपून वापरावा लागे. आज गाडीला उशीर झाला असं कुणी म्हटलं, की त्या चष्मा वर सरकवून विचारायच्या, "कशाच्या मानानं?" विचारण्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. समोरचा गोंधळायचा. मग त्या हसून म्हणायच्या, "जाऊ द्या. चहा घ्या."

मी जव्हारच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मॅडम रसायनशास्त्राच्या. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मधलं दार कधी नीट लागत नसे, त्यामुळे त्यांचे बरेच तास मी इच्छा नसताना ऐकले आणि पुढे पुढे इच्छा असताना. त्या मूळच्या इकडच्या नव्हत्या. तारापूरकडे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढून, चाळिशी उलटल्यावर त्या शिकवायला आल्या. चांगली नोकरी का सोडली असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, तिथं रोज तेच औषध तपासायचं असायचं, आणि तपासून झालं की काय निघालं ते कुणी विचारायचं नाही, फक्त पास की नापास एवढंच.

बुटक्या, भरभर चालणाऱ्या. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. डबा उभ्यानंच खायच्या. यंत्राचा पंप सुरू असला की त्याच्या टकटकीवर एखादं भावगीत गुणगुणायच्या, आणि सूर इतका भलतीकडे जायचा की आमच्या वर्गातली मुलं माना खाली घालून हसायची. मोखाड्याचा आठवडी बाजार त्यांना फार प्रिय. तिथं जो कंद, जी भाजी माहीत नसेल ती हटकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवून विचारायच्या, "सर, हे खाऊन मी मरणार नाही ना?" मी नाव सांगायचो, कसं शिजवायचं तेही सांगायचो. एकदा मी एका कंदाबद्दल सांगितलं की हा राख घालून उकडावा लागतो आणि वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर घसा धरतो. त्यांनी तो राख घालून उकडला, नळाखाली धरला, आणि नळाचं पाणी मधेच गेलं. दोन दिवस मॅडमनी फळ्यावर लिहूनच शिकवलं.

त्यांच्या खात्यात ते यंत्र आलं तेव्हा कॉलेजात सणासारखं वातावरण होतं. कुठल्याशा कंपनीनं नवं घेतलं आणि जुनं कॉलेजला दिलं. मिश्रणातले घटक वेगळे करायचं यंत्र. मला त्यातलं जे कळलं ते असं. वीतभर लांबीची एक पोलादी नळी असते, तिच्यात बारीक पांढरी पूड ठासून भरलेली. तिला कॉलम म्हणतात. पंप तिच्यातून एकसारखा द्रव ढकलत राहतो. त्या द्रवात मिश्रणाचा थेंब सोडला की त्यातले काही घटक पुडीला चिकटत, रेंगाळत जातात, काही कमी रेंगाळतात, आणि काही अजिबात न थांबता द्रवाबरोबर सरळ बाहेर पडतात. जो तो आपापल्या वेळेला बाहेर आला की पडद्यावरच्या आलेखात एक टोक उमटतं. त्या टोकाला पीक म्हणायचं. शेतकऱ्यांच्या घरची मुलं ती. 'पीक आलं' म्हणताना त्यांना पहिले काही दिवस हसू आवरत नसे.

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं होतं, मॅडम आता काहीतरी भारी तपासून दाखवतील. प्राचार्यही येऊन बसले होते. मॅडमनी कपाटातून एक छोटी बाटली काढली. युरॅसिल नावाची पांढरी पूड. ही या कॉलममध्ये थांबत नाही, म्हणाल्या. तिचा थेंब सोडला. थोड्याच वेळात पडद्यावर एकच सरळसोट टोक उमटलं. मॅडमनी ती वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली, तिच्याभोवती चौकट केली आणि म्हणाल्या, "झालं आजचं."

प्राचार्य चकितच झाले. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग मॅडमनी विचारलं, जव्हारहून मोखाड्याला जीपला किती वेळ लागतो? दहा जणांनी दहा उत्तरं दिली. तेव्हा त्या म्हणाल्या की जीप कुठं कुठं किती थांबली हे ओळखायचं असेल, तर कुठंही न थांबता जाणाऱ्या जीपला किती वेळ लागतो ते आधी माहीत हवं. तो वेळ म्हणजे नुसत्या रस्त्याचा वेळ. शास्त्रात त्याला टी-झीरो म्हणतात. तो वजा केल्याशिवाय कुणाच्याही थांबण्याला अर्थ नाही.

मागच्या बाकावरून सुमन भोये म्हणाली, "पण मॅडम, न थांबणारी जीपच नाय आपल्याकडं."

"म्हणून तर ती मुद्दाम सोडावी लागते," मॅडम म्हणाल्या, आणि बाटली उचलून दाखवली.

त्या दिवसापासून मुलं त्यांना आपसात टी-झीरो मॅडम म्हणू लागली. त्यांना ते ठाऊक होतं. रोज सकाळी युरॅसिल सोडल्याशिवाय त्या यंत्राला दुसरं काही दाखवत नसत. ते टोक काल जिथं आलं तिथंच आज आलं नाही, तर पंप उघडायचा, जोड तपासायचे, कुठं गळती आहे का बघायचं. रस्त्याचा वेळच बदलला असेल तर प्रवाशांना बोल लावू नका, असं त्यांचं वाक्य होतं.

सुमन भोये सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची. वसतिगृहात राहायची आणि शनिवारी घरी जाऊन सोमवारी परतायची, त्यामुळे सोमवारचं सकाळचं प्रात्यक्षिक तिचं हमखास बुडायचं. दुसऱ्या एका शिक्षकांनी तिच्या हजेरीवर लाल रेघ ओढायचं ठरवलं होतं. त्या आठवड्यात शनिवारी मॅडम सुमनबरोबर तिच्या घरी गेल्या, पोरीच्या आईशेजारी झोपल्या आणि सोमवारी पहाटे तिच्याबरोबर निघाल्या. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत, मग जीप भरेपर्यंत थांबणं, मोखाड्याला उतरून दुसरी गाडी. कॉलेजात पोचल्या तेव्हा बुटांना लाल माती होती आणि पहिला तास संपत आला होता. स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "ही पोरगी वाटेत श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही, तरी आपल्या घंटेच्या आत पोचू शकत नाही. आता मला सांगा, उशीर तिला होतोय की घंटा लवकर होतेय?" सोमवारचं प्रात्यक्षिक दुपारी गेलं. लाल रेघ राहून गेली.

पण मॅडम म्हटलं की मला आठवतं ते लक्ष्मणबाबांचं प्रकरण.

लक्ष्मण वारघडे मोखाड्याच्या बाजारात झाडपाल्याची औषधं विकायचे. पांढऱ्या मिशा, डोक्याला टॉवेल, पुढ्यात गोणपाटावर साली, मुळ्या, बिया. माझी त्यांची जुनी ओळख, कारण एखादं झाड अडलं की मी त्यांच्याकडेच जात असे. त्या हिवाळ्यात ते एका पिशवीत साखरेच्या आजारावरची पावडर घेऊन कॉलेजात आले. बेडकीचा म्हणजे गुडमारचा पाला, जांभळाची बी आणि किराईत, एवढंच त्यात घालतो म्हणाले. पावडरीनं गुण येतो अशी बोलवा झाली होती, पाड्यापाड्यांवरून माणसं येत होती. एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की कॉलेजचा कागद आणलात तर ही पावडर पाकिटात घालून शहरात विकू.

"सर, कागद द्या," बाबा म्हणाले. "पण तपासून द्या. चांगली हाय का खराब, तेवढा सांगा."

प्राचार्यांना कल्पना फार आवडली. आपल्या भागातलं औषध, आपल्या कॉलेजात तपासलेलं. वार्षिक समारंभात बाबांना प्रमाणपत्र द्यायचं, असं त्यांनी बोलूनही टाकलं. तपासणीचं काम मॅडमनी सुमनकडे दिलं. तिच्या घरचे बाबांचंच औषध घेत आलेले, त्यामुळे ती मनापासून कामाला लागली.

एका दुपारी दारापलीकडून तिचा आवाज आला. "मॅडम, या ना. पीक बघा केवढा आला."

मीही गेलो. पडद्यावर अगदी सुरुवातीलाच एक टोक सरळ वर गेलं होतं, बाकीची त्याच्यापुढे टेकाडंच वाटावीत. सुमनचा चेहरा फुलला होता. हेच औषध, म्हणाली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे बोट केलं. दोन्ही वेळा एकच होत्या.

"लवकर पीक आलं की शेतकरी खूश होतो," त्या म्हणाल्या. "आपण मात्र घाबरायचं."

सुमन हिरमुसली. मॅडमनी तिला स्टूल ओढून दिलं आणि समजावलं. हा जो कुणी आहे तो न थांबताच गेला. कॉलमनं त्याला ओळखलेलं नाही. मीठ असेल, पाल्यातलं एखादं आम्ल असेल, किंवा चार जण एकमेकांच्या आडून आले असतील. न थांबणारे सगळे एकाच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे त्या वेळेला आलेल्याचं नाव सांगता येत नाही. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. पाल्यात न थांबणारं इतकं असू नये.

प्राचार्यांनी दोनदा निरोप पाठवला. मग स्वतः आले. टोक दिसतंय ना, मग 'औषधी घटक आढळले' एवढं लिहायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, समारंभ तोंडावर आला होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जो थांबलाच नाही, त्याच्याविषयी मी काय लिहू?" आणि आठवडाभराची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. चहा दिला आणि पावडर कशी करता ते पहिल्यापासून विचारलं. बोलण्याबोलण्यातून कळलं की खांदा धरल्यापासून बाबांच्यानं कांडण होत नाही. पाला आणि बिया ते त्याच व्यापाऱ्याच्या टेम्पोतून शहरात दळायला पाठवतात आणि तयार पावडर परत येते. बाबा कौतुकानं म्हणाले की मशीनमध्ये दळून आणल्यापासून गुण जास्तच येतो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, घरात कुणी घेतं का ही पावडर?

घेत होती. बाबांची बायको, मंजुळाबाई. तिला साखर होती, सरकारी दवाखान्यातली गोळी चालू होती आणि बरोबर सकाळ-संध्याकाळ ही पावडर. अलीकडे तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. जुलाब, मळमळ, तोंडाला चव नाही. बाबांच्या मते दवाखान्याची गोळी तिला सोसत नव्हती. येत्या सोमवारपासून गोळी बंद करून नुसत्या पावडरीवर ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. बाजारात येणाऱ्यांनाही तेच सांगणार होते.

मॅडमनी त्यांना विनंती केली. तपासून होईपर्यंत गोळी बंद करू नका, पावडर मात्र देऊ नका, आणि बाईंना उद्याच दवाखान्यात दाखवा. मग म्हणाल्या, हातानं कांडलेली थोडी पावडर मला आणून द्या, कितीही थोडी चालेल.

बाबांनी ती आणली. खांदा दुखत असताना स्वतः कांडली होती. सुमननं ती तपासली. सुरुवातीचं ते टोक आता ढेकळाएवढं होतं. म्हणजे पाल्याचं ते नव्हतं, दळून येताना त्यात काहीतरी पडत होतं. काय, हे कळण्यासाठी त्याला थांबवणं भाग होतं. मॅडमनी वाहत्या द्रवात साबणाच्या जातीचा एक क्षार मिसळला. काही घटक एरवी पुडीला दाद देत नाहीत, पण असं काही सोबत असलं की रेंगाळतात, हे त्यांना कंपनीतल्या दिवसांपासून माहीत होतं. पुन्हा आधी युरॅसिल सोडलं, पुन्हा चौकट. मग टेम्पोतून आलेली पावडर. मोठं टोक चौकटीपासून सुटलं आणि पुढं एकटंच उभं राहिलं. शेवटी मॅडमनी बाबांकडून मागवलेल्या मंजुळाबाईच्या गोळीचा तुकडा विरघळवून सोडला. मेटफॉर्मिन, साखरेवरची नेहमीची गोळी. तिचं टोक बरोबर त्याच जागी आलं.

सुमन बाकावर डोकं टेकून बसली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की आपलं यंत्र शपथ घेऊन नाव सांगू शकत नाही, एवढंच सांगतं की हे दोघं सारखेच वागतात. सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवू. पण बाबांना आजच सांगायला हवं.

बाबा आले. मॅडम त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. अडेल तिथं सुमन त्यांच्या बोलीत सांगत होती. दवाखान्याचीच गोळी पावडरीत मिसळलेली दिसते. म्हणजे बाईंच्या पोटात तीच गोळी दोन वाटांनी जात होती, आणि किती ते कुणालाच माहीत नाही. बाबांनी टॉवेल सोडला, घडी केली, परत बांधला. मग म्हणाले, "मंग माझा पाला काहीच करीत नव्हता?"

मला वाटलं मॅडम काहीतरी दिलासा देतील. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, बाबा. तुमच्या पाल्याचा गुण आम्ही तपासलेलाच नाही. या दळलेल्या पावडरीत काय आहे, तेवढंच कळलं."

बाबांनी मान हलवली. त्या उत्तरानं त्यांना कुठंतरी बरं वाटलं असावं. मग ते हळूच म्हणाले, "बाईला मीच चारली. माझ्या हातानं."

"आता तुमच्याच हातानं ती कायमची बंद करा. आणि दवाखान्याची गोळी मात्र डॉक्टर सांगतील तशीच. ती सोडायची नाही."

प्राचार्यांना मी सांगायला गेलो. औषध खात्याला पाठवायच्या पत्रावर त्यांनी स्वतः सही केली आणि पावडरीचं पाकीट मोहोरबंद करून घेतलं. यथावकाश सरकारी अहवाल आला, त्यातही तेच. टेम्पो त्यानंतर मोखाड्यात दिसला नाही. व्यापाऱ्यावर कारवाई सुरू झाल्याचं कळलं.

बाबांनी मात्र अहवालाची वाट पाहिली नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून ते पाड्यापाड्यांवर फिरले आणि दिलेली पावडर मागून घेत सुटले. सुट्टीत सुमन त्यांच्याबरोबर होती. काही जण द्यायला तयार नव्हते, गुण येतो म्हणत होते. बाबा त्यांच्या दारात बसून राहायचे. गुण येतो, खरं हाय, पण तो माझा नाय, दवाखान्याचा हाय, तिकडं जावा, असं सांगायचे. ज्या माणसाची बाजारात एवढी पत, त्यानं गावोगाव जाऊन हे सांगायचं, यासाठी काय लागतं याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

मंजुळाबाई उन्हाळ्याच्या आत सावरली. एक दिवस ती स्वतःच कॉलेजात आली, टोपलीत काकड्या घेऊन. मॅडमनी तिला प्रयोगशाळेत नेलं, यंत्र दाखवलं. तिनं पोलादी नळीवर बोट फिरवून विचारलं, एवढ्याशा नळीत एवढं सगळं कळतं का? मॅडम म्हणाल्या, कळतं थोडंच, पण जे कळतं ते खरं असतं. मग दोघींनी बाकावर बसून मीठ लावून काकडी खाल्ली. प्रयोगशाळेत खायला सक्त मनाई आहे अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच होती, मॅडमच्याच अक्षरातली.

लक्ष्मणबाबांचं दुकान चालूच राहिलं. कंद, हिरडा, खोकल्याचा पाला. साखरेचं औषध कुणी मागितलं तर ते दवाखान्याचा रस्ता दाखवतात. मॅडम बाजारात गेल्या की त्यांच्याच गोणपाटाच्या कडेला बसायच्या आणि दोघांचं काय बोलणं चालायचं कोण जाणे, पण बाबा हसताना लांबून दिसायचे.

मॅडम निवृत्त झाल्या त्याच उन्हाळ्यात सुमनचं लग्न ठरलं. ती तोवर बोईसरला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. लग्न पाड्यावर. ऐन मे महिना, विहिरीत खडखडाट. लोक आहेर म्हणून भांडी, साड्या घेऊन आले. मॅडम जव्हारहून जीपभर पाण्याचे कॅन घेऊन आल्या आणि आपल्या हातानं मांडवाच्या सावलीत ओळीनं लावून घेतले. दुसऱ्या दिवशी त्या भावाकडे कोल्हापूरला राहायला जाणार होत्या.

दुपारी जेवणं झाली. बायकांचा नाच सुरू झाला, धूळ उडू लागली. आमची जीप निघायची वेळ झाली म्हणून मी निरोप घ्यायला मॅडमना शोधत होतो. मांडवाच्या मागच्या अंगाला, कुडाच्या भिंतीला टेकून त्या बसल्या होत्या. पाय लांब सोडलेले, चष्मा नाकावरून खाली आलेला, आणि मांडीवर कुणाचीतरी तान्ही मुलगी, तिची मूठ मॅडमच्या पदरात. दोघी गाढ झोपल्या होत्या. मी उभाच राहिलो. तेवढ्यात मुलीची आई कपाळाचा घाम पुसत आली, लेकीला उचलायला वाकली, आणि तशीच थांबली. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"निजू दे दोघींला," म्हणाली, आणि पुन्हा नाचायला गेली.